राजदूत ३५० घेताय? आधी सील, मग ब्रेक, ताकद शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: कराडच्या बाजूला एक राजदूत ३५० विकायला आहे. मालक ती 'हाय टॉर्क', म्हणजे या गाडीच्या दोन प्रकारांतली जास्त ताकदीची, असल्याचं सांगतो. गाडी दोन-तीन किकमध्ये सुरू होते, पण उजव्या सायलेन्सरमधून धूर बराच जास्त येतो. घेणाऱ्याला ती साताऱ्यात ठेवून कास, महाबळेश्वर आणि कधीमधी चिपळूणपर्यंत न्यायची आहे. खरी ताकद किती, हाय टॉर्क कशी ओळखायची आणि पहिला पैसा कुठे घालायचा?

धुराचं वाक्य या सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याकडे येतोच. आधी आकडे.

एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ पासून बनवली, यामाहाच्या आरडी ३५० बी या मॉडेलवरून. उत्पादन १९८९ च्या सुमारास थांबलं. एअरकूल्ड टू-स्ट्रोक, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, एकूण ३४७ सीसी. इनटेकला रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत सोडणारी, मागे न जाऊ देणारी पातळ पात्यांची झडप), दोन्ही बाजू मिळून आठ पाती. सहा गिअर, किक स्टार्ट, १२ व्होल्ट, पॉइंटचं इग्निशन (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), वेगळ्या टाकीत टू-स्ट्रोक ऑइल आणि ते ओढणारा ऑटोल्यूब पंप. पुढचा टायर ३.००-१८, मागचा ३.५०-१८. पेट्रोलची टाकी १६ लिटरची. वजन दीडशे किलोच्या आसपास.

मूळ जपानी गाडी ७५०० आरपीएमला ३९ बीएचपी द्यायची आणि तिला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे पेट्रोलचा खप आणि किंमत या दोन्हींचा विचार करून ती सौम्य केली. हाय टॉर्कला ६७५० आरपीएमवर ३०.५ बीएचपी, नंतर आलेल्या लो टॉर्कला ६५०० वर २७. डिस्कच्या जागी सात इंची ड्रम आला. नाव 'टॉर्क'चं असलं तरी दोन्हींतला खरा फरक वरच्या आरपीएमला श्वास किती मोकळा मिळतो एवढाच आहे; पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटा) आणि सायलेन्सर वेगळे, बाकी इंजिन तेच. त्या काळी बुलेट ३५० ची ताकद १८ बीएचपी होती हे लक्षात घेतलं, तर लो टॉर्कसुद्धा रस्त्यावर काय वाटत असेल याचा अंदाज येईल.

आता हे आकडे समुद्रसपाटीच्या हवेतले आहेत. सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवा पाचएक टक्के विरळ. महाबळेश्वर १३५३ मीटर, तिथे बारा टक्क्यांहून थोडी जास्त विरळ. इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते. म्हणजे तंदुरुस्त हाय टॉर्क महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोचते तेव्हा ती पावणेसत्तावीस बीएचपीची उरलेली असते, लो टॉर्कच्या कागदावरच्या आकड्याइतकीच. म्हणून हाय टॉर्कच्या नावासाठी वीस-तीस हजार जास्त मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. एक सिलिंडर अर्धवट चालत असेल तर यापेक्षा कितीतरी जास्त ताकद गुपचूप जाते, आणि अशा गाड्याच बाजारात जास्त.

ओळखायचं कसं? टाकीवरचं स्टिकर पुरावा नाही, साइड पॅनेलही नाही. चाळीस वर्षांत सायलेन्सर, ब्लॉक, कार्बोरेटर सगळं इकडचं तिकडे झालेलं असतं. सायलेन्सर काढून दोन्ही ब्लॉकच्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड ब्लॉकच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे ते व्हर्नियरने मोजा. हेड काढल्याशिवाय हे माप नीट येत नाही, त्यामुळे मालक तयार नसेल तर खरेदीनंतर करा. ते माप हाय टॉर्कचं की लो टॉर्कचं हे जाणकार मिस्त्री दुसऱ्या ब्लॉकशी ताडून सांगेल. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: डाव्या आणि उजव्या ब्लॉकचं माप एकसारखं आहे का? कुणीतरी कानशीने एकच पोर्ट वाढवला असेल, किंवा एक ब्लॉक हाय टॉर्कचा आणि एक लो टॉर्कचा बसवला असेल, तर ती गाडी कितीही ट्यून केली तरी एका लयीत चालणार नाही.

आता धूर.

या इंजिनाचा क्लच आणि प्रायमरी गिअर उजवीकडे, गिअर ऑइलमध्ये बुडालेले. डावीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट, तो भाग कोरडा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील आहेत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तिथे निर्वात तयार होतो. उजवा सील कडक झाला किंवा त्याची कड झिजली की तो निर्वात गिअर ऑइल ओढून घेतो, ते जळतं, उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरट धूर येतो, प्लग तेलकट होतो. डावा सील गेला तर ओढायला तिथे ऑइल नाही, फक्त हवा आहे. धूर अजिबात वाढत नाही. उलट ते सिलिंडर कमी पेट्रोलवर, कोरडं, गरम चालतं, आरपीएम उतरायला वेळ लागतो, आणि एखाद्या दिवशी पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. धुराची गाडी माणूस दुरुस्तीला नेतो, डाव्या सीलची गाडी मात्र 'काय मस्त पळते' म्हणत पळवतो. दोन्ही सील एकाच वयाचे असतात, त्यामुळे उजवा गेला असेल तर डाव्यावर विश्वास ठेवू नका.

मात्र उजव्या धुराचं दुसरंही एक कारण असतं, ते स्वस्त आहे. ऑटोल्यूब पंपाकडून येणाऱ्या तेलाच्या वाटेत चेक व्हॉल्व्ह असतो. तो नीट बसत नसेल तर उभ्या गाडीत टू-स्ट्रोक ऑइल हळूहळू आत उतरतं. अशी गाडी चार दिवसांनी सुरू केली की पाच-दहा मिनिटं भयंकर धूर, मग साफ. सील गेलेल्या गाडीचा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही. पक्कं करायचं तर गिअर ऑइलची पातळी आज नोंदवा आणि दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा. गाडीखाली थेंब नाही, पण ऑइल खाली गेलंय, याचा एकच अर्थ: उजवा सील गेलाय. या गिअरबॉक्सला दीड लिटरच्या आसपास ऑइल लागतं, दोनशे मिलीचा फरक सहज कळतो. खरेदीच्या वेळी एवढा वेळ नसतो, म्हणून मालकाला सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नको. थंड इंजिन किक मारून पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि धुराकडे बघत बसा. शिवाय गिअर ऑइल भरण्याच्या झाकणाला नाक लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर सील दुसऱ्या दिशेनेही गळतोय.

खात्रीची परीक्षा हवेच्या दाबाची. खर्च दोन-तीनशे रुपये, वेळ एक तास. दोन्ही सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढा. एक्झॉस्ट पोर्टवर सायकलच्या ट्यूबचा जाड तुकडा आणि पत्रा बोल्टने आवळा, इनटेकच्या रबरात नेमक्या मापाचा लाकडी किंवा रबरी बूच घालून क्लिप घट्ट करा. दोन्ही इनटेक जोडणारी रबरी नळी असेल तर तीही बंद करा, ती चिरलेली असणं हे नेहमीचं. प्लगच्या भोकातून अडॅप्टर लावून हातपंपाने सहा पीएसआय दाब भरा. आठच्या पुढे जाऊ नका, चांगला सील उलटायचा. गॅरेजचा कॉम्प्रेसर तर जवळही आणू नका. पिस्टन खालच्या बाजूला आणून ठेवा म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एक होतात. एका मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त दाब पडत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी हेड, ब्लॉकचा खालचा गॅस्केट, रीडच्या पेटीची कड आणि डावीकडे अल्टरनेटर काढून क्रँकच्या टोकाशी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. उजव्या सीलचे बुडबुडे दिसत नाहीत. गिअर ऑइलच्या झाकणातून फुसफुस ऐकू येते.

सील बदलायला इंजिन उतरवून क्रँककेस उघडणं हाच खरा मार्ग. केस आडवी उघडते, त्यामुळे क्रँक उचलून बाहेर काढणं अवघड नाही. बाहेरून सील उपटून नवा ठोकून देणारे मिस्त्री भेटतील; सीलची बाहेरची कड खाचेत बसायला हवी ती मग कापावी लागते आणि असा सील पुढेमागे सरकतो. केस उघडलीच तर क्रँकची मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा उभा खेळ आणि क्रँक सरळ आहे का हे दोन व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून बघून घ्या. दोन सिलिंडरांच्या मधल्या सीलसाठी क्रँक प्रेसवर उघडावा लागतो, ते काम रोज क्रँक बसवणाऱ्याकडेच द्या. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत चांगले टर्नर आहेत, पण टर्नर चांगला असणं आणि दोन सिलिंडरचा दाबून बसवलेला क्रँक सरळ करता येणं या निराळ्या गोष्टी आहेत. काम दिल्यावर परत घेताना डायल गेजवर फिरवून दाखवायला सांगा, त्यात संकोच नको.

ब्लॉक उघडे असतानाच पिस्टन वाचा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर ते सिलिंडर कोरडं किंवा गरम चालत होतं: हवा गळती, लहान जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र), नाहीतर पंपाचं तेल कमी. चारही बाजूंना सारख्या अंतराने चार पट्टे असतील तर फट कमी ठेवून बोअर मारला आहे, किंवा थंड इंजिनावर कुणी जोर लावला आहे. वरची कड वाळूने टोचल्यासारखी असेल तर नॉकिंग, म्हणजे टायमिंग पुढे गेलं आहे, ठिणगी लवकर पडते. दोन पिस्टन दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर दोष एका बाजूचा, आणि तोच शोधायचा. नुसता नवा पिस्टन टाकून गाडी बाहेर काढली तर तोच पिस्टन पुन्हा त्याच जागी धरतो.

ओव्हरसाइज पिस्टन पाव मिमीच्या पायरीने मिळतात, ६४.२५ पासून ६५ पर्यंत. शेवटच्या मापाला इंजिन ३५८ सीसीचं होतं, ताकदीत जाणवण्यासारखं काही नाही, मात्र पुढची संधी संपते. म्हणून विकणाऱ्याला आधी विचारा की बोअर कितवा आहे. बोअर मारताना पिस्टन आधी घ्या, प्रत्येक पिस्टन स्कर्टवर मायक्रोमीटरने मोजा आणि त्याच्यासाठीच तो ब्लॉक होन करा (आतून बारीक घासून माप जुळवा). चांगल्या पिस्टनला ०.०४ ते ०.०५ मिमी फट, बाजारातल्या साध्या कास्टिंगला ०.०६ पर्यंत ठेवलेली बरी. रिंगच्या टोकांची फट बोअरमध्ये सरळ बसवून ०.२ ते ०.४ मिमी. पोर्टच्या कडा होनिंगनंतर हलक्या हाताने मोडायच्या, नाहीतर रिंग अडकते. रीडच्या पात्यांना टोकाशी चीर आहे का ते उजेडात धरून पाहा. पाती आणि बैठकीमध्ये ०.३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती बदला. पात्यांचे स्क्रू लॉक करण्याच्या द्रावणाशिवाय लावू नका, सुटलेला स्क्रू सरळ पिस्टनखाली जातो.

टायमिंगला या गाडीत दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल. म्हणजे दोन स्वतंत्र टायमिंग. 'टायमिंग केलं' असं कुणी सांगितलं तर 'दोन्हीचं का?' हा प्रश्न पुढे यायलाच हवा. पॉइंटची फट ०.३५ मिमी. नंतर प्लगच्या भोकात डायल गेज लावून पिस्टन अगदी वर आणा, गेज शून्य करा, क्रँक उलट फिरवून मागे जा आणि पुन्हा सुलट आणत २.० मिमी आधी थांबा. तिथे पॉइंट उघडायला सुरुवात व्हायला हवी. बल्ब किंवा मल्टिमीटर लावून नेमका क्षण पकडा. क्रँकच्या हिशेबात हे वीस अंशांच्या आसपास आहे. उलट फिरवून परत येण्याचं कारण इतकंच की मधला सगळा ढिलेपणा एकाच दिशेला जावा. एका पॉइंटचं करून झालं की तेच दुसऱ्या बाजूला पहिल्यापासून. फिलर गेजने नुसती फट ठेवून टायमिंग 'आपोआप' बसेल असं मानणारे बरेच आहेत, तसं ते बसत नाही.

पॉइंटची टाच झिजते तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी हळूहळू मंद होत जाते, सायलेन्सरची मान जास्त तापते. हे दोष महिनोन्महिने अंगवळणी पडतात. टायमिंग पुढे गेलं तर मात्र दया नाही, हायवेला पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. टायमिंग केल्यावर दोन दिवसांत पुन्हा बदललेलं दिसलं आणि डाव्या टोकाला क्रँक हाताने हलतो असं वाटलं, तर पॉइंटला दोष देऊ नका, मेन बेअरिंग गेलंय. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे किट मिळतात, ते चांगलेच आहेत, पण हलणाऱ्या क्रँकवर त्यांचाही उपयोग नाही.

विजेचं एक ध्यानात असू द्या: या अल्टरनेटरला चुंबकत्व बॅटरीकडून मिळतं. बॅटरी पूर्ण बसली तर धक्का मारूनही गाडी सुरू होणार नाही. ब्रश झिजले, रेग्युलेटरचे संपर्क काळे झाले तर दिवसा कळत नाही, संध्याकाळी हेडलाइट लावला की एक सिलिंडर चुकायला लागतं.

आता कार्बोरेटर आणि घाट. दोन कार्बोरेटर एकत्र उघडायला हवेत. एअर फिल्टरची रबरं काढून दोन्ही स्लाइडखाली (अ‍ॅक्सिलरेटरने वर उचलली जाणारी झडप) सारख्या जाडीच्या ड्रिलबिटच्या दांड्या ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर किंचित वळवा. दोन्ही दांड्या एकाच वेळी सुटल्या पाहिजेत. त्यानंतरच ऑइल पंपाची केबल खुणेवर आणायची, हा क्रम उलटा करू नका. पंपाचा किमान स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी. पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या घाटांसाठी तो वाईट. कुंभार्ली किंवा आंबेनळीच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद आणि आरपीएम चढलेले असतात. पेट्रोल आत येत नाही, तर त्यातलं ऑइलही येत नाही. पंप इंजिनावर फिरतो, त्यामुळे बंद अ‍ॅक्सिलरेटरलाही थोडं तेल चालू राहतं. पंप चांगला आहे याची खात्री नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत मिसळा, लिटरला ४० मिली. ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या.

जेटचा हिशेब साताऱ्यात बसून करायचा असतो, महाबळेश्वरात बसून नाही. विरळ हवेत मिश्रण आपोआप दाट होतं: वर गाडी जरा घोगरी वाजते, प्लग काळवंडतो, पण इंजिनाला धोका नाही. नेमकं तिथेच कुणीतरी लहान जेट टाकून आवाज मोकळा करतो. मग तीच गाडी आंबेनळीने पोलादपूरला उतरते, समुद्रसपाटीजवळच्या दाट हवेत तेच मिश्रण सहा-सात टक्के पातळ होतं, आणि मुंबई-गोवा हायवेला जोर लावला की पिस्टन धरतो. त्यात हल्लीचं ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यातल्या इथेनॉलमुळे तेवढ्याच जेटमधून इंजिनाला मिळणारं मिश्रण आणखी सात-आठ टक्के पातळ पडतं. या गाडीचे छापील जेट नंबर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचे आहेत. आज तेच नंबर जसेच्या तसे टाकणं धोक्याचं. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा आणि सुईची क्लिप एक खाच खाली, इथून सुरुवात करा.

अ‍ॅक्सिलरेटर किती उघडला असताना कार्बोरेटरचा कोणता भाग काम करतो हे कळलं की अंदाज मारावा लागत नाही. अगदी थोड्या अ‍ॅक्सिलरेटरवर पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, पाव ते पाऊण सुई, पाऊणच्या पुढे मेन जेट. यवतेश्वरचा चढ, पसरणी घाट, खंबाटकी, सगळीकडे हात अर्ध्यावर असतो. तिथे अडखळत असेल तर मेन जेटला हात लावून उपयोग नाही, सुई बघा. सातारा ते कराड हायवेवर हात पूर्ण उघडा राहतो, तिथे मेन जेट. परीक्षाही तिथेच: पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर किलोमीटरभर नेऊन क्लच दाबून किल बटण बंद करा, बाजूला थांबून दोन्ही प्लग काढा. बी८एचएस प्लगचं चिनीमातीचं टोक फिकट तपकिरी हवं, आणि दोन्हींचा रंग सारखा. ऊस तोडणीच्या दिवसांत या रस्त्याला ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस आणि ठेचलेली चिपाडं असतात, त्यामुळे ही परीक्षा सकाळी लवकर. डिसेंबरातली थंड हवा दाट असते, मे महिन्यात बरोबर वाटलेला जेट थंडीत किंचित लहान पडतो, तेवढी सोय ठेवा.

ई-२० चा दुसरा त्रास टाकीला. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घाम धरते, इथेनॉल ते पाणी शोषतं आणि ते तळाला बसतं, मग टाकीत गंज आणि फ्लोट बाऊलमध्ये (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) पांढरा मळ. महिनाभर उभी ठेवायची तर टाकी भरून आणि बाऊल रिकामे करून.

ब्रेकवर विकणारा बोलत नाही, घेणाराही विचारत नाही. तीस बीएचपी आणि टू-स्ट्रोकचं नावापुरतं इंजिन ब्रेकिंग, म्हणजे पसरणीच्या उतारावर सगळा भार सात इंची ड्रमवर. पुढच्या ड्रमला दोन कॅम आहेत आणि त्यांना जोडणारी एक दांडी. दोन्ही शू एकाच क्षणी टेकले नाहीत तर तुमच्याकडे अर्धाच ब्रेक आहे. चाक उचलून जोडदांडी एका बाजूने सोडा, दोन्ही कॅमचे हात स्वतंत्रपणे हाताने दाबून शू टेकेपर्यंत आणा, त्या स्थितीत दांडीची लांबी जुळवून मग जोडा. नवे शू ड्रमच्या गोलाईत सहसा बसत नाहीत. शूवर खडूने रेघा ओढून चाक फिरवा आणि खडू कुठे पुसला ते बघा, फक्त मधेच पुसला असेल तर लेथवर घासून घ्या. ड्रम अंडाकृती असेल तर लिव्हर हाताला धडधडते, तो स्पोकच्या ताणासकट चाकावरच टर्न करायचा. अशा ब्रेकची एक खोड आधीच सांगून ठेवतो: चढावर तोंड वर करून थांबलात तर तो गाडी मागे सरकताना नीट धरत नाही, कारण उलट्या दिशेला दोन्ही शूंची पकड कमी होते. घाटात ट्रॅफिकमध्ये उभं राहताना मागच्या ब्रेकवर पाय ठेवायचा.

डिस्क लावावी का, हा पुढचा प्रश्न येणारच. तांत्रिकदृष्ट्या होतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत बदल करून फिरणं अडचणीचं आहे. नीट बसवलेला ड्रम या गाडीला पुरतो, उतारावर सलग दाबून न धरता सोडत-दाबत वापरला तर.

स्टीअरिंगच्या मानेतले छर्रे आणि मागच्या स्विंगआर्मचे नायलॉनचे बुश हे दोन्ही एकदम बदला. शंभरच्या पुढे गाडी डोलते ती बहुतेक यामुळेच. बुश ब्राँझचे करून घेता येतात, ग्रीसची खाच विसरू नका.

एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे रेसिंगच्या फुगीर सायलेन्सरबद्दल एवढंच: ताकद वर सरकते, खालून जाते, जेट मोठे करावे लागतात, आवाजावर पोलीस थांबवतात. घाटात फिरायला ते नकोतच. घाटात पिकअप हवा असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान करा; पंधराचं चौदा केलं की सगळे गिअर सात टक्क्यांनी आखूड होतात आणि हायवेचा वेग तेवढाच कमी होतो. अ‍ॅव्हरेज लिटरला वीस-पंचवीस धरा, ओढली तर त्याहून कमी.

कागद: चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा, रंगाच्या थराखाली असेल तर घासून. नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का आणि कधीपर्यंत, हे पाहा. पन्नास वर्षं पुरी झाल्याशिवाय व्हिंटेजची नोंदणी मिळत नाही, आणि सर्वांत जुनी राजदूत ३५० सुद्धा २०३३ च्या आधी तिथे पोचत नाही. त्यामुळे 'व्हिंटेज आहे, पासिंगची गरज नाही' हे ऐकून घेऊ नका.

घेतलीत तर खर्चाचा क्रम असा ठेवा: क्रँक सील, बेअरिंग आणि पिस्टन, ब्रेक आणि स्टीअरिंग, दोन्ही टायमिंग आणि कार्बोरेटर, शेवटी रंग आणि क्रोम. विकणाऱ्यांनी बहुधा उलट्या क्रमाने केलेलं असतं. मोलभाव करताना इंजिन उघडण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा धरा, कारण तो धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर ते उघडावं लागणारच.

इंजिन बांधून झाल्यावर पहिली टाकी पंप चालू असतानाही पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल घालून संपवा. पहिल्यांदा गरम झालं की पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट तिरकस क्रमाने पुन्हा आवळा. पहिले ५०० किलोमीटर चार हजार आरपीएमच्या खाली, पण मोठ्या गिअरमध्ये खालून ओढत नाही, आणि एकाच वेगाने हायवेलाही नाही. कासचा रस्ता यासाठी चांगला आहे, चढउतार आणि गिअर सतत बदलतात. हजार किलोमीटरनंतर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून दोन्ही पिस्टनचे स्कर्ट टॉर्चने बघा. दोन्ही स्वच्छ असतील तर कुंभार्ली उतरायला हरकत नाही.